खासगीचा आकडा

इंदूरचा माणूस यात्रेला निघाला की त्याला एक सुख फुकटात मिळते. काशीला उतरावे, गयेला जावे, हरिद्वारला किंवा थेट सोमनाथला जावे, कोणीतरी पंडा गाव विचारतो, आपण इंदूर म्हणतो, आणि तो हसून म्हणतो, "अच्छा, अहिल्याबाई के गाँव से!" आपली मान आपोआप ताठ होते. जणू तो घाट आपल्याच आजोबांनी बांधला होता.

वाचकहो, हे सुख मीही पुष्कळदा घेतले आहे. एकदा अशाच एका घाटाच्या पायऱ्या उतरताना माझ्या भाच्याने विचारले, "मामा, हे रोज झाडायचे पैसे कोण देते?" घाट कोणी बांधला, कोणत्या साली बांधला, दगड कुठला, हे सगळे मला सांगता आले असते. त्याने विचारलेले मात्र सांगता आले नाही. पुढे त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो आहे. बाईंच्या पुण्याईवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. त्या पुण्याईच्या जमाखर्चावर फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी शब्द. आज 'खासगी' म्हणजे जे सरकारी नाही ते. होळकरांच्या दफ्तरात या शब्दाला वेगळी आणि नेमकी जागा होती. तेथे दोन खाती होती. एक 'दौलत', म्हणजे सरदारकीचा मुलूख. त्याच्या वसुलातून फौज पोसायची आणि पेशव्यांची चाकरी करायची. दुसरे 'खासगी', म्हणजे घराण्यातील मुख्य स्त्रीकडे असलेली स्वतंत्र मिळकत. २० जानेवारी १७३४ रोजी बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ही खासगी करून दिली. तीत महेश्वर होते, इंदूर परगण्यातील गावे होती आणि इकडे दक्षिणेत चांदवड, अंबडही होते. उत्पन्न धरले होते २,९९,०१० रुपये. हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवावा; पुढे त्याची गाठ पडणार आहे.

ही व्यवस्था का केली असावी, हे समजायला फार पांडित्य लागत नाही. सरंजाम चाकरीपुरता असतो. सरदार रणात पडला, धन्याची मर्जी फिरली, तर तो जप्त होऊ शकतो. अशा वेळी घरातल्या बायकामुलांची, देवाधर्माची आणि आश्रितांची सोय कोठून व्हावी? गौतमाबाईंमागून ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि या घरगुती सोयीचे रूपच पालटले.

१७५४ मध्ये खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि वर्षभरातच मालेरावही गेले. घरात कर्ता पुरुष उरला नाही, हे पाहून राघोबादादा माळव्यात उतरले. त्यांचा डोळा होळकरांच्या खजिन्यावर होता. त्या वेळची एक आख्यायिका तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. बाईंनी निरोप पाठवला की खासगीच्या द्रव्यावर मी तुळशीपत्र ठेवले आहे. आपण ब्राह्मण आहात, दान म्हणून हवे असेल तर संकल्प सोडून देते. तरवारीच्या जोरावर मात्र मिळणार नाही.

आख्यायिका म्हणून ती सोडून दिली तरी चालेल. तिच्यातले तुळशीपत्र मात्र सोडू नये. घरादारावर तुळशीपत्र ठेवणे म्हणजे आपला हक्क सोडणे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर बाईंनी एक खाते कायमचे बंद करून दुसरे उघडले. जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानच्या ग्रंथात लिहिले आहे की, बाईंच्या हाती आलेला घराण्याचा संचित खजिना दोन कोटींचा होता आणि खासगी मुलखाचे वार्षिक उत्पन्न सुमारे चार लाखांचे होते. एवढे त्यांच्या मर्जीने खर्चायचे. बाकी सारा वसूल राज्यकारभाराच्या हिशेबी धरायचा. माल्कमने ही माहिती बाईंच्या निधनानंतर पाव शतकाने जुन्या माणसांना विचारून गोळा केली, तेव्हा तीत भक्तीचा अंश असणारच. दोन खात्यांमधली रेघ मात्र त्यालाही स्पष्ट दिसली होती.

ती रेघ सांभाळणे सोपे नव्हते. तुकोजीराव होळकर फौज घेऊन वर्षानुवर्षे मुलुखगिरीवर असत. शिपायांचे पगार थकत, सावकार दाराशी बसत, आणि महेश्वरी पैशाची मागणी जाई. बाईंचा आग्रह असा की फौजेचा खर्च दौलतीतून भागला पाहिजे. आपण सगळे अहिल्याबाईंचे भक्त, म्हणून तुकोजीरावांना दोष देऊन मोकळे होतो. पण छावणीत उपाशी घोड्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाला काशीतल्या अन्नछत्राचे काय कौतुक असणार? १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांपुढे होळकरांचा मोड झाला. त्याचे कारण केवळ पैसा नव्हे, पण धर्मादायाचे खाते अभंग ठेवण्याला किंमत पडते आणि ती कोणीतरी चुकती करतो, हे इतिहास लिहिणाऱ्याने लपवू नये.

आता त्या खात्यातून काय झाले ते पाहा. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ १७८० मध्ये उभे राहिले. पुढे सोमनाथला, गयेला विष्णुपदाशी, वेरूळला घृष्णेश्वराशी, हरिद्वारला कुशावर्तावर कामे झाली आणि महेश्वरचा घाट झाला. यादी आपल्याला पाठ आहे. तिच्यातली खरी नवलाची बाब वेगळी आहे. यांतील बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हतीच. गयेत कंपनीचा अंमल होता, काशीतही कंपनीचा हात पोचला होता. तेथून बाईंना एक कवडी महसूल येत नव्हता. परक्या मुलखात घाट बांधणे हे एकदाच्या खर्चाचे काम आहे. तो झाडणे, पुरानंतर गाळ काढणे, निखळलेली पायरी बसवणे, पुजाऱ्याला शिधा देणे, सदावर्त चालवणे, दक्षिणेतल्या देवळांना गंगाजलाच्या कावडी पोचवणे, हा खर्च दरवर्षी असतो, आणि राज्य दूर असले की तो पहिल्यांदा तुटतो. बाईंच्या कामांना टिकाऊपणा आला तो त्यांच्यामागे गावांचे चालते उत्पन्न होते म्हणून. माळवा-निमाडच्या काळ्या मातीत ज्वारी-गहू पिकला की त्याचा एक हिस्सा गंगेच्या पायऱ्यांपर्यंत जाई. धान्याचा भाव वाढला की वसूलही पुढेमागे वाढे. महागाई आणि जमीन यांची जोडी होती.

माल्कमच्या ग्रंथात बाईंच्या भूतदयेचे काही दाखले आहेत. भर उन्हात नांगरणाऱ्याला थांबवून त्याच्या बैलांना पाणी पाजले जाई. नर्मदेतल्या माशांना खाऊ घातले जाई. शेतकरी पिकावरची पाखरे हुसकून लावतात, म्हणून त्यांनी काही उभी शेतेच पाखरांसाठी विकत घेतली. आपण हे भाबड्या भाविकतेचे उदाहरण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. मला ते वाचून दरवेळी थांबावेसे वाटते. शेतकऱ्याला "पाखरे हाकलू नकोस" असा हुकूम त्या सोडू शकल्या असत्या. राज्य त्यांचे होते. त्यांनी पिकाची किंमत दिली. म्हणजे पुण्य बाईंच्या पदरात आणि नुकसान कुणब्याच्या, असे होऊ दिले नाही.

१८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे राज्य आवळले गेले आणि राजधानी इंदूरला आली. दिवाण आले, रेसिडेंट आले. खासगीचे नाव आणि तिचा धर्मादाय चालत राहिला. हे शतक मी झरकन ओलांडतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवसांत दडले आहे ते स्वातंत्र्यानंतरचे आहेत.

१९४८ मध्ये इंदूर, ग्वाल्हेर आणि आसपासची संस्थाने मिळून मध्य भारत संघ झाला. राजांची स्वतःची मालमत्ता कोणती आणि राज्याची कोणती, याच्या याद्या झाल्या. होळकरांच्या यादीत खासगीची अडचण होती. ती महाराजांची म्हणावी तर धर्मादायाला वाहिलेली; राज्याची म्हणावी तर तिच्यावर तुळशीपत्र. १९४९ मध्ये तोडगा निघाला तो असा : खासगीची मालमत्ता व उत्पन्न कायमचे मध्य भारत सरकारकडे जावे, त्याच्या बदल्यात सरकारने आपल्या महसुलातून दरवर्षी, निरंतर, २,९१,९५२ रुपये वेगळे काढावेत, आणि त्या रकमेचा कायम न्यास करून खासगीच्या देवस्थानांची व धर्मादायांची देखभाल करावी.

आता १७३४ चा आकडा आठवा. २,९९,०१०. मध्ये २१५ वर्षे गेली आणि करारात आलेली रक्कम बाजीरावांच्या वेळच्या उत्पन्नापेक्षा ७,०५८ रुपयांनी कमीच भरली. हे दोन आकडे प्रथम शेजारी लिहिले तेव्हा मला आपण काहीतरी चुकतो आहोत असे वाटले.

करार करणाऱ्यांची दानत खोटी होती असे मी म्हणणार नाही. १९४९ मध्ये तोळाभर सोने शंभर-सव्वाशे रुपयांना येत होते. म्हणजे ही रक्कम अडीच हजार तोळ्यांच्या घरात जात होती. तेवढ्यात घाट झाडले गेले असते, दिवे लागले असते, पुजारीही जेवले असते. चूक रकमेत नव्हती, तिच्या घडणीत होती. जमीन दिली आणि आकडा घेतला. 'निरंतर' हा शब्द लिहिणाऱ्यांनी रुपयालाही निरंतर मानले. आज त्याच रकमेत अगदी मोजकेच तोळे सोने येईल. न्यासाच्या यादीत २४६ स्थावर मालमत्ता आहेत : देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा, कुंड. भागाकार करून पाहा. एका ठिकाणाच्या वाट्याला वर्षाला अकराशे शहाऐंशी रुपये येतात, महिन्याला शंभरालाही रुपया कमी. माझ्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जमीन खासगीकडे ठेवली असती तरी ती टिकली असती का? १९५१ मध्ये मध्य भारतात जहागिरी रद्द करण्याचा कायदा झाला आणि जमीन कसणाऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी झाली. ते योग्यच झाले. गंगेच्या पायऱ्यांसाठी निमाडच्या कुणब्याने पिढ्यान्‌पिढ्या वसूल भरत राहावा, असे आज कोणी म्हणू नये. पाखरांच्या पिकाची किंमत चुकवणाऱ्या बाईंच्या नावाने तर मुळीच म्हणू नये. तेव्हा गावे गेली याचा शोक मी करत नाही. गावांच्या बदली जे घेतले त्यात वाढीचे बीज नव्हते, तक्रार एवढीच आहे.

आणि ही चूक एकट्या इंदूरची नाही. आपल्या राज्यघटनेत २९० अ नावाचे एक कलम आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते आले. त्यानुसार केरळच्या संचित निधीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार आणि तमिळनाडूच्या निधीतून तेथील देवस्वम निधीला १३ लाख ५० हजार रुपये द्यायचे. हेही संस्थानी देवस्थानांच्या जमिनी गेल्याचे फळ आणि हाही घटनेत कोरलेला आकडा. त्रावणकोरला शबरीमलाचे उत्पन्न आहे म्हणून तो तेथे फारसा बोचत नाही. हरिद्वारच्या एका पायरीला शबरीमला कोठून असणार?

याहून वेगळी वाट निघू शकते, हे मला अनपेक्षित ठिकाणी कळले. आपल्या सभेच्या अनेक सभासदांची मुले-नातवंडे अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आहेत; तेथे जाऊन आलेल्या मंडळींनी शहरांच्या दाटीत मध्येच लागणारी हिरवी शेते पाहिली असतील. ती आपोआप राहिलेली नाहीत. १९६१ मध्ये त्या राज्याने मतदारांची परवानगी घेऊन मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी ६ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढले. पुढे शेतजमिनीसाठी योजना आली. शेतकऱ्याने शेत विकायचे नाही. त्यावर घरे बांधण्याचा हक्क तेवढा सरकारला विकायचा. शेत त्याचेच राहते, कसायचेही त्यानेच, आणि पुढे कोणी ते विकत घेतले तरी बंधन जमिनीबरोबर जाते. न पिकवलेल्या घरांची किंमत मोजण्याचा हा व्यवहार पाहून मला बाईंची पाखरांची शेते आठवली.

पण पैशाची गोष्ट आणखी बोलकी आहे. रोखे संपले की पुन्हा मतदारांकडे जायचे, असे तेथे बरीच वर्षे चालले. १९९८ मध्ये विक्रीकरातून दरवर्षी ९ कोटी ८० लाख डॉलर दहा वर्षे बाजूला काढायचे ठरले. बागा, शेते आणि जुन्या ऐतिहासिक वास्तू, तिन्हींसाठी. हाही आकडाच, आणि मुदतीचा. २०१४ मध्ये मतदारांनी निराळी तरतूद मान्य केली : कंपन्यांवरील कराचा ठरावीक हिस्सा, आधी चार आणि २०१९ पासून सहा टक्के, जमीन, पाणी आणि वारसा यांसाठी राखायचा. कर घटला तर निधीही घटणार, हा त्यातला धोका आहे. पण महागाईबरोबर कर वाढतो आणि करामागे निधी चालतो. तेथे टक्क्याने केले ते काम आपल्याकडे गावांचा वसूल करत होता. १९४९ च्या करारात 'महसुलाचा अमुक हिस्सा' असे चार शब्द पडले असते तर पुढचे बरेचसे रामायण टळले असते.

ते रामायण थोडक्यात असे. १९६१ च्या डिसेंबरात यशवंतराव होळकर निवर्तले आणि २७ जून १९६२ रोजी 'खासगी (देवी अहिल्याबाई होळकर धर्मादाय) न्यास' दस्ताने स्थापन झाला. १९७२ मध्ये पुरवणी दस्त करून विश्वस्तांनी मालमत्ता विकण्याचा अधिकार घेतला. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाची मालमत्ता विकली गेल्याच्या तक्रारीवरून २०१२ मध्ये सरकारी चौकशी सुरू झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ५ ऑक्टोबर २०२० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने निकाल दिला की मालमत्ता राज्य सरकारच्या आहेत. सरकारने त्या ताब्यात घ्याव्यात आणि विक्रीची चौकशी व्हावी. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मालमत्ता सरकारजमा होत नाहीत, असे ठरले. त्याच वेळी, हा सार्वजनिक न्यास आहे, त्याने मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली महिन्याभरात नोंदणीसाठी अर्ज करावा, आणि परवानगीवाचून काही विकले गेले आहे का ते निबंधकाने तपासावे, असेही न्यायालयाने सांगितले. आर्थिक गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश मात्र रद्द झाला.

इंदुरात तेव्हा जिकडेतिकडे एकच चर्चा होती : मालक कोण? सरकार की न्यास? आपल्या बैठकीतही त्यावरून दोन गट पडले होते, हे सभासदांना आठवत असेल. घाट विकण्याचे समर्थन मी करणार नाही. ज्यावर तुळशीपत्र ठेवले ते विकायचे नसते. पण एका ठिकाणामागे वर्षाला अकराशे शहाऐंशी रुपये हाती देऊन २४६ ठिकाणे सांभाळायला सांगणे, आणि मग एखादे विकले गेले म्हणून अचंबा करणे, हेही मला नीट वाटत नाही. देवळे सरकारकडे गेली असती तरी तीच भेग, तोच गाळ आणि तोच भागाकार समोर आला असता. मालकीच्या वादात दोन्ही बाजूंना अहिल्याबाई आठवल्या. देखभालीच्या हिशेबात त्यांची रीत कोणाला आठवली नाही. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने गेले. खासगीच्या रकमेमागचे 'निरंतर' तेवढे उरले. तो करार पुन्हा उघडून आकड्याच्या जागी हिस्सा घालण्याची मागणी करायची असेल, तर ती इंदूरकरांनी करायला हवी. काशीचा पंडा ती करणार नाही.

गेल्या हिवाळ्यात महेश्वरला गेलो होतो. किल्ल्यावर सकाळी अजूनही लिंगार्चन चालते. ब्राह्मण मांडीशी पाट घेऊन नर्मदेच्या काळ्या मातीची इवली इवली लिंगे करतात आणि प्रत्येकावर तांदळाचा दाणा ठेवतात. पूजा आटोपली की सगळे घाटावर नेऊन नदीत सोडतात. माती विरघळते आणि दाणे मासे टिपतात. बाईंच्या वेळी या कामाला शंभरावर ब्राह्मण बसत, असे तेथे सांगतात. मी मोजले नाहीत, मोजण्याइतके नव्हतेच.